तीन महिन्यांची गाभण

आमच्या बाजारात आता कानात पिवळा बिल्ला नसलेलं जनावर विकता येत नाही. बिल्ल्यावर नंबर, नंबरामागं मालकाचं नाव, गाव, कोणती लस टोचली, सगळी कुंडली. चांगलं आहे. चोरीची जनावरं कमी झाली. माझं म्हणणं एवढंच, की जनावराच्या कानाला नंबर आहे, तर त्याच जनावरात कोपरापर्यंत हात घालणाऱ्या माणसाला नंबर का नसावा? हे मी एकदा चार शहाण्या लोकांत बोलून दाखवलं. ते हसले. मी विनोद केला नव्हता.

मी जनावरांचा व्यापारी आहे. आमच्याकडं हेडी म्हणतात, आणि म्हणताना जरा तोंड वाकडं करतात. करोत. तेलगावच्या पुढं माझं घर आणि दावण आहे, ती मी कुणाच्या वडिलांच्या जिवावर उभी केलेली नाही. सातवीत शाळा सुटली आणि दुसऱ्या व्यापाऱ्यांचे कासरे धरत बाजार फिरलो. दात कसे बघायचे, सड कसे चाचपायचे, दोन पावलं चालवल्यावर जनावर कुठला पाय चोरतंय ते कसं ओळखायचं, यातलं काही मला कुणी फळ्यावर शिकवलं नाही. शिव्या खाऊन शिकलो. मला परवाना कुणी दिला नाही हे खरं. पण मी खोटं जनावर विकलं तर पुढच्या बाजारी तो माणूस तेच जनावर आणून माझ्या खुंट्यासमोर उभा राहतो आणि सगळ्यांदेखत माझा बाप काढतो. ही परीक्षा दर आठवड्याला असते आणि हिच्यात परीक्षकाला जेवण घालायची सोय नाही.

म्हणून मला 'डॉक्टर' या शब्दाचा राग आहे.

जनावरांचा खरा डॉक्टर कोण, ते कायद्यात लिहिलेलं आहे. कॉलेजात शिकून पदवी घेतलेला आणि पशुवैद्यक परिषदेकडं नाव नोंदलेला. चुकला तर त्याचं नाव खोडता येतं. त्याच्या हाताखाली मदतनीस असतात. त्यांनी थोडं शिक्षण घ्यायचं आणि लस, मलमपट्टी, रेतन अशी लहान कामं खऱ्या डॉक्टरच्या सांगण्यावरून करायची. कागदावर असं आहे. आमच्या रस्त्यावर मात्र मोटारसायकल असते, तिच्या मागं नायट्रोजनची टाकी, हँडलला काळी बॅग आणि नंबरप्लेटवर लाल अक्षरात 'डॉक्टर'. कुणाचा नातेवाईक औषधाच्या दुकानात होता, कुणी वर्षभर दवाखान्यात टाकी वाहिली, कुणी काहीच केलं नाही, फक्त बॅग घेतली. माझ्या तांबडीला अशा तीन डॉक्टरांनी भरवलं. तांबडी म्हणजे माझी घरची लाल कंधारी, जिच्या आजीच्या दुधावर माझी पोरं वाढली. तीनदा भरवली आणि तीनदा उलटली, म्हणजे गाभ न राहता परत माजावर आली. दर वेळी नवा डॉक्टर म्हणायचा, आधीच्याला काही येत नव्हतं. यात मात्र प्रत्येकजण खरं बोलत होता.

शेवटी मी तिला युसूफ वडगावच्या एका ओळखीच्या शेतकऱ्याच्या वळूकडं नेली. ती फळली. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी हात घालून सांगितलं, गाभण आहे. त्या खऱ्या डॉक्टर, आणि त्यांच्याकडं इतक्या गावांचा कारभार की भेट म्हणजे देव भेटल्यासारखी.

त्याच सुमारास हवा बदलली. सरकारनं ठरवलं की रेतन करणाऱ्यानं शिक्षण घेतलं पाहिजे, परीक्षा दिली पाहिजे, नोंदणी केली पाहिजे. मी मनात म्हटलं, आला एकदाचा बिल्ला. आणि जिथं बिल्ला लागतो तिथं बिल्ले विकणारा येतोच. आमच्या भागात एक संस्था उघडली. रस्त्याकडेला पत्र्याचं शेड, बाहेर मोठं फ्लेक्स, आत प्लास्टिकच्या खुर्च्या. संस्थेचा चालक स्वतःला 'सर' म्हणवून घ्यायचा. पांढरा शर्ट, खिशात तीन पेनं. इतकी पेनं लागणारा माणूस मी तोवर फक्त कोर्टाबाहेर बघितला होता.

माझी थोरली सून बारावी सायन्स झालेली. मुलगा साखर कारखान्याच्या ट्रॅक्टरवर असतो, हंगामात घरी नसतो. दावणीचं सगळं तीच बघते. ती एक दिवस मला म्हणाली, "मामा, मी ह्या परीक्षेला बसू का? दारात येणाऱ्या कुणालाबी आपण डॉक्टर म्हणतो. परवाना मिळाला तर आपल्याच घरात केंद्र काढता येईल. बायकांच्या गाईला बाईच आलेली बरी."

मला पटलं. भावकीत चर्चा झाली. एक शहाणा पारावर म्हणाला, "सुनेला गाईच्या मागं उभी करणार का आता?"

मी म्हणालो, "तुझी म्हैस अडली की माझ्या सुनेच्याच पाया पडशील बे. तवा तिनं कुणीकडं उभं ऱ्हावं ते सांग."

तर ती जायला लागली. रोज दोन गाड्या बदलून जायची, यायची, आणि परत धारा काढायची. तिचा जीव त्या परवान्यात गुंतला होता. घराच्या पुढच्या खोलीला केंद्राची पाटी कुठं लावायची ते तिनं ठरवून ठेवलं होतं, खिळासुद्धा ठोकून ठेवला होता. एका संध्याकाळी मी विचारलं, "शिकवतात का काही?"

"वहीत लई शिकवलं."

"गाईत हात किती वेळा घातला?"

ती हसली. "रबराच्या गाईत दोनदा. खऱ्या गाईत एकदा, पण माझा नंबर आला तवर गाय बसली."

परीक्षा जवळ आली तसा सर माझ्या दारात आला. परीक्षेला जनावरं पाहिजेत, संस्थेकडं एकही नाही. जनावरांचं शिक्षण देणाऱ्या संस्थेत जनावर नाही, हे सांगताना त्याला काही वाटलं नाही. पाच गाई पाहिजेत, त्यातली एक गाभण पाहिजेच, कारण परीक्षेत उमेदवारानं हात घालून गाभण कोणती ते सांगायचं असतं. गाभण फार पुढची नको, नाहीतर बाहेरूनच दिसेल. तीन महिन्यांच्या आसपासची पाहिजे. तशी गाय पंचक्रोशीत माझ्याच दावणीला होती, तांबडी.

मी नाही म्हणालो. तो बसून राहिला. सून आतून चहा घेऊन आली, त्यानं तिच्याकडं बघून "आमची हुशार विद्यार्थिनी" म्हटलं. मला त्यातला अर्थ कळला. मी खांद्यावरचं उपरणं काढलं, त्याच्या हातावर टाकलं, आणि आमच्या रिवाजाप्रमाणं खाली बोटं धरून सौदा सुरू केला. भाडं बोटांवर ठरलं. ते त्यानं लवकर कबूल केलं, तेव्हाच मला कळायला पाहिजे होतं की या माणसाला बोटांची भीती नाही. अट मी तोंडानं घातली, बायको आणि सून ऐकत होत्या.

"तांबडीत परीक्षकाचा एक हात आणि तुमच्या निवडक पाच पोरांचे. सातव्या हाताला मी दावं सोडीन. कच्च्या हातांनी गाभ पडतो, हे तुमच्या वहीत असंल."

"शेठ, शब्द दिला," सर म्हणाला.

परीक्षेच्या सकाळी मी टेम्पोत सहा गाई चढवल्या. ठरल्यापेक्षा एक जास्तीची मी नेहमी नेतो, ही बाजाराची सवय. वाटेत एखादी लंगडली तर माघारी यावं लागत नाही. जास्तीची म्हणून थोरली नावाची गाय घेतली. तीही लाल कंधारी, तांबडीच्याच रंगाची, वयानं मोठी. कित्येक वर्षांत ती फळली नव्हती. तिच्या पोटात उसाचं वाढं आणि कडबा याशिवाय काही जात नव्हतं आणि शेणाशिवाय काही बाहेर येत नव्हतं. घरची म्हणून ठेवलेली.

संस्थेसमोर चहाची टपरी होती. उमेदवार तिथं घोळक्यानं उभे होते. मी पाठमोरा बसलो होतो. चकलांब्याकडचा एक पोरगा दुसऱ्याला पाठ करून दाखवत होता, "एक रिकामी, दोन रिकामी, तीन गाभण, तीन महिने. चार, पाच रिकाम्या."

"आन् नंबर बदलले तर?"

"सरांनी सांगितलंय बे. तीनच."

मी चहा तसाच ठेवला आणि सरकडं गेलो. म्हटलं, पोरांना आधीच ठाऊक आहे, मग हात घालायचा कशाला? त्यानं मला बाजूला घेतलं. "शेठ, बाहेरून परीक्षक आलेत. तक्ता त्यांनी बनवलाय. सगळ्या उमेदवारांनी तीन नंबर तपासायचीच आहे. एकतीस जण आहेत, पटापट होतील. काळजी करू नका, पोरं हलक्या हाताची आहेत."

"आपलं पाच ठरलं होतं."

"ते आपलं घरगुती ठरलं होतं. हे शासकीय आहे."

माझ्या आयुष्यात मला खूप लोकांनी फसवलं. पण फसवणुकीला शासकीय म्हणणारा हा पहिला. माझं डोकं भडकलं, हात शिवशिवला. पण सौद्यात पहिलं तोंड उघडणारा हरतो. मी म्हणालो, "बरं. गाई ओळीनं बांधतो."

तांबडीला मी टेम्पोतच ठेवली, पुढं वाढ्याची पेंढी टाकली. तीन नंबरच्या खुंट्याला थोरली बांधली. सर समोरून गेला, परीक्षक समोरून गेला, उमेदवारही गेले. कुणाच्या काही लक्षात आलं नाही. यांना तांबड्या गाई सगळ्या सारख्याच. बाजारातल्या आमच्या चहावाल्यानंसुद्धा फरक ओळखला असता.

परीक्षक निवृत्त झालेला वयस्कर माणूस होता, खुर्चीत बसलेला, अंगावर पंख्याचा वारा. उमेदवार यायचा, हातमोजा चढवायचा, हात घालायचा, आभाळाकडं बघायचा आणि सांगायचा, "गाभण, सर. तीन महिने." परीक्षक टिक करायचा. दुसरा यायचा. "गाभण, सर. तीन महिने." एकानं आभाळाकडं जरा जास्त वेळ बघितलं आणि म्हणाला, "कालवड वाटते, सर." परीक्षकानं मान डोलावली. शपथेवर सांगतो, मान डोलावली.

मग माझी सून आली. हातमोजा घालायच्या आधी ती गाईच्या पुढच्या बाजूला गेली आणि तिच्या मानेवर हात ठेवला. ही तिची रोजची सवय, धार काढायला बसतानाही आधी मानेवर हात. गाईनं तिचा हात चाटला. सुनेनं माझ्याकडं बघितलं. मी टेम्पोकडं बघितलं. ती मागं आली, हात घातला, बराच वेळ ठेवला, बाहेर काढला.

"रिकामी आहे, सर."

"परत बघ," परीक्षक म्हणाला.

"रिकामी आहे."

"बाई, घाबरू नकोस. तीन नंबर आहे हा."

"नंबर माहीत आहे, सर. गाय रिकामी आहे."

मागं उभी असलेली पोरं हसली. सर माझ्याकडं वळून मोठ्यानं म्हणाला, "काय शेठ, सुनेला घरच्या गाईचं पोट कळंना!"

मी मनात म्हटलं, बघू तर खरं, कागदावर काय उमटतं ते. तोवर थोरली पाय झाडायला लागली होती. मी उठून तिच्या मागं उभा राहिलो आणि सांगितलं, आता एकही हात जाणार नाही, भाडं परत घ्या. निम्मे उमेदवार राहिले होते. सर आणि परीक्षक कुजबुजले. मग सर म्हणाला, "राहिलेल्यांनी बाहेरूनच निदान सांगा."

आणि पोरांनी सांगितलं. एकेकजण गाईच्या मागं चार हातांवर उभा राहायचा, कोरडे हात पाठीमागं धरून, आणि म्हणायचा, "गाभण, सर. तीन महिने." मी आयुष्यभर बाजारात खोटं ऐकत आलो. पण तिथं खोटं बोलणारा निदान जनावराला हात लावतो.

निकाल लागला. एक सोडून सगळे पास. सुनेनं भिंतीतला खिळा काही काढला नाही, पण त्यावर चाळणी टांगली. आमची मंडळी, म्हणजे बायको, तीन दिवस कुणाशी धड बोलली नाही. मी सरकडं गेलो आणि सरळ सांगितलं, की तीन नंबरला मी भाकड गाय बांधली होती. माझी सून तेवढी खरं बोलली, बाकी सगळे नापास आहेत.

तो चिडला नाही. चिडला असता तर मला बरं वाटलं असतं. तो समजुतीनं बोलला, जसं अडाण्याशी बोलतात. "शेठ, गाय खरोखर गाभण आहे का, हा परीक्षेचा प्रश्न नसतो. तक्त्यात तीन नंबर गाभण आहे. परीक्षेपुरती ती गाभणच."

"आन् पोटात?"

"पोटात काय आहे त्याला गुण नाहीत. हातमोजा घातला का, नखं कापली होती का, उत्तर तक्त्याशी जुळलं का, याला गुण आहेत. तुमच्या सुनेचं जुळलं नाही."

मी घरी आलो तो हेच पुटपुटत. परीक्षेपुरती गाभण! परवाना म्हणजे काय असतो? मला विचाराल तर, चूक झाल्यावर जो काढून घेता येतो तो परवाना. जो कधीच काढून घेता येत नाही, कारण देणाऱ्यालाच मोजमाप माहीत नाही, तो नुसता छापील कागद. लग्नाची पत्रिका बरी, तिच्यात निदान जेवणाची वेळ असते.

प्रमाणपत्रं वाटायचा कार्यक्रम चार महिन्यांनी ठरला, कारण पुढाऱ्याला वेळ नव्हता. शेडासमोर मंडप पडला. नवं फ्लेक्स लागलं, त्यावर पास झालेल्या सगळ्यांचे चेहरे ओळीनं, प्रत्येकाच्या नावामागं 'डॉ.' लावलेलं. आसपासच्या गावांतले शेतकरी बोलावले होते, म्हणजे पुढं हेच लोक गिऱ्हाईक होणार. शाली, नारळ, माईक, सगळं होतं.

मी त्या दिवशी थोरलीला धुतली. शिंगांना रंग लावला. पाठीवर आमच्या मंडळीनं तिचं हिरवं लुगडं घातलं, गळ्यात झेंडूची माळ. मंडळीनं ताट केलं, त्यात खण, नारळ, तांदूळ, पाच फळं. सुनेला आम्ही काही बोललो नाही. टेम्पो मंडपाच्या तोंडाशी लावला आणि पुढाऱ्याचं भाषण रंगात आलं असताना गाय घेऊन आत शिरलो.

पुढारी थांबला. आम्ही सगळे त्याला दादा म्हणतो, शेतकऱ्याचाच मुलगा, घरी वीसेक जनावरं. "शेठ, हे काय काढलंय?"

"डोहाळजेवण हाय, दादा."

"कुणाचं?"

"हिचं. तुमच्या मागं फ्लेक्सवर जेवढे डॉक्टर हायत, त्या सगळ्यांनी सांगितलं, तीन महिन्यांची गाभण. त्याला झाले चार महिने. म्हणजे आता सातवा सरला. डोहाळजेवण नको का करायला? आमचं पहिलंच शासकीय गाभण जनावर हाय."

मंडळी ताट घेऊन पुढं झाली आणि गाईच्या पुढं तांदूळ टाकत मोठ्यानं म्हणाली, "माझ्या सुनेला नापास केलं व्हय! घ्या, भरा ओटी!"

लोक उठून उभे राहिले. सगळे शेतकरी. त्यांना हात घालायची गरज नसते. सात महिन्यांच्या गाभण गाईचं पोट उजव्या अंगाला कसं उतरतं, कास कशी धरते, हे त्यांच्या घरातलं लहान मूल सांगेल. थोरलीचं पोट दाराच्या फळीसारखं. मागून एक म्हातारा ओरडला, "आरं, पोट कुठं इसरून आला बे?" आणि मंडप हसायला लागला.

दादा खाली उतरला. गाईला एक फेरी मारली, कासेखाली वाकला. मग फ्लेक्सकडं बघितलं, खुर्च्यांत शाली घेऊन बसलेल्या पोरांकडं बघितलं. "एवढे डॉक्टर बसलेत. या की एखादा. आत्ता हात घालून सांगा, काय हाय ते."

कुणी उठलं नाही. कुणाच्या मांडीवरचा नारळ गडगडत खाली गेला, तो उचलायलाही कुणी वाकलं नाही. चकलांब्याकडचा तो पोरगा शाल तोंडापर्यंत ओढून बसला होता. हसू हळूहळू थांबलं. शेतकरी आता पोरांकडं बघत होते आणि ते बघणं मला चांगलं ठाऊक आहे. बाजारात जनावराचा दोष सापडला की गिऱ्हाईक तसंच बघतं. मग दादाला एकदम दुसरीकडं लग्नाला जायचं आठवलं, आणि तो गेला.

सरनं मला टेम्पोमागं नेलं. त्याचा शर्ट पाठीला चिकटला होता. त्यानं स्वतःच माझं उपरणं ओढून आमच्या हातांवर टाकलं आणि खाली माझी बोटं धरली. थोरलीला गाभण गाईचा भाव देत होता. मी हात झटकला. "मला बोटं नकोत. सुनेचा कागद पाहिजे."

"एवढंच ना?" त्याला इतकं हलकं वाटलं की तो हसला. आत गेला आणि आलाच. कागद तयार होता. सही, शिक्का सगळं आधीच मारलेलं, फक्त नावाची जागा कोरी. तीन पेनांतलं एक काढून त्यानं टेम्पोच्या बोनेटवर ठेवून नाव लिहिलं. "आता गाय घेऊन जा, शेठ. आणि परत आणू नका."

मी जिंकलो होतो. वाटेत मंडळी म्हणाली, पेढे घ्या. घेतले.

सून गोठ्यात होती. मी कागद तिच्यापुढं धरला. तिनं ओल्या हातांनी घेतला नाही, नुसता वाचला. मग विचारलं, कसा मिळाला. मंडळीनं सगळं रंगवून सांगितलं. ती हसलीही, पोट कुठं विसरला म्हणणाऱ्या म्हाताऱ्याला. आणि मग म्हणाली, "पण मामा, मला हाताला काहीच कळलं न्हवतं."

"म्हंजे?"

"मी हात घातला तवा मला काय कुठं लागतंय, काही कळलं न्हाई. मी आपली थोरली वळखली. ती थोरली होती म्हणून रिकामी म्हणाले. तिथं दुसऱ्या कुणाची गाय असती तर मीबी आभाळाकडंच बघितलं असतं."

मला संताप आला. मी म्हणालो, "तू खरं बोललीस का न्हाई?"

"खरं बोलले. पण परवाना खरं बोलल्याचा न्हाई, कळल्याचा असतो."

"त्या तिसांना कुठं कळलं? तेंच्याकडं हाय कागद. मी सगळ्या तालुक्यादेखत मिळवून आणलाय. गपगुमान पाटी लाव."

तिनं बादली खाली ठेवली. "मामा, तुमी कधी भाकड गाय गाभण म्हणून विकली का?"

"कधीच न्हाई."

"मग मला कावून विकायला लावता?"

माझ्या तोंडावर असं बोलायची हिंमत बाजारात कुणाची नाही. मी कागद घेऊन बाहेर आलो, पेढ्याचा पुडा ओट्यावर आपटला आणि दोन दिवस गोठ्याकडं फिरकलो नाही. राग तिचा होता, सरचा होता, माझाही असेल. तिसऱ्या दिवशी मी थोरलीला परत टेम्पोत चढवली.

सर मला बघून उभा राहिला. मी कागद त्याच्या टेबलावर ठेवला. "हा घ्या. आमच्या घरात चालत न्हाई. आता गाईचं बोलू." उपरणं मी टाकलं, बोटं मी धरली. जो भाव त्यानं त्या दिवशी आपणहून दिला होता, त्यावर एक बोट चढवलं. त्यानं कुरकुर केली नाही. गाय माझ्या दावणीला राहिली तर मी तिला गावोगाव फिरवीन, हे त्याला उमजलं होतं, आणि मी फिरवलीच असती. भाकड गाय गाभण म्हणून विकायचा सौदा मी आयुष्यात एवढा एकच केला, आणि तोही घेणाऱ्याला पक्कं ठाऊक असताना, तीस डॉक्टरांच्या निदानावर. मला त्याची तिळमात्र लाज नाही. एकच अट घातली, हिला चारा वेळेवर पाहिजे, मी येऊन बघणार. बघतोही. पाळतो बिचारा.

तांबडी यथावकाश व्याली. कालवड झाली. कुणाला हात लावू दिला नाही, तिची ती व्याली. ते तीस जण मोटारसायकलींवर फिरतात. मंडपात हसलेले शेतकरीही अडीनडीला त्यांनाच बोलावतात, कारण खरा डॉक्टर दहा गावांना एक, आणि गाईचा माज कुणासाठी थांबत नाही. मला याचाच जास्त राग आहे. सून आता सरकारी दवाखान्यात डॉक्टरीणबाईंच्या मागं जाते. त्या समोर उभ्या राहतात, तिला हात घालायला लावतात, काय लागलं ते विचारतात, मग स्वतः हात घालून बघतात. पुढच्या वर्षी रीतसर पदविकेला बसायचं म्हणते. अजून बहुतेक वेळा घरी येऊन म्हणते, "आज चुकले." चाळणी त्याच खिळ्याला आहे.

मागच्या बाजारात मला चकलांब्याकडचा तो पोरगा भेटला. मला टाळून जात होता, मी हाक मारली. "काय डॉक्टर, तुमच्या संस्थेत नवीन परीक्षा झाली म्हणं?"

"झाली की, शेठ. आता भाड्यानं गाभण गाय आणत न्हाईत. घरचीच हाय."

"कोणत्या नंबरला बांधतात?"

"तीनच." मग इकडंतिकडं बघून तो हळूच म्हणाला, "अजून तीन महिन्यांचीच गाभण हाय ती."